तुंगसेन राजाचं शेपूट

एक होता राजा, आणि त्याची मान सदा वर. नाव त्याचं तुंगसेन. तुंग म्हणजे उंच. आता आईबापांनी ठेवलं ते नाव, पण या राजाने ते फारच मनावर घेतलं. चालताना वर बघायचा, बसताना वर बघायचा, जेवतानासुद्धा वर बघायचा. मग काय, आमटीचे ओघळ अंगरख्यावर.

वर बघून चालणाऱ्याला खालचं काय दिसणार? कधी कुणाच्या वाळत घातलेल्या पापडांवर पाय, कधी कुणाच्या रांगोळीवर पाय. बायका बिचाऱ्या म्हणायच्या, "असू द्या महाराज." राजा म्हणायचा, "हं." त्याचं बोलणं एवढंच, बरं का. रागावला तरी हं, खूश झाला तरी हं. राणी सगुणा म्हणायची, "माझा अर्धा जन्म या हंचा अर्थ लावण्यात गेला."

त्यांना एकच मुलगी. मंजुळा. नदीपलीकडच्या राजाचा मुलगा तिच्या मनात भरला होता. तिने ते आईच्या कानात सांगितलं, आईने राजाला सांगितलं, राजा म्हणाला, "हं." मग निरोप गेले, निरोप आले. दिवाळी झाली की पलीकडची मंडळी सोयरीक ठरवायला येणार होती.

आता एकदा काय झालं, राजा सकाळचा फिरायला निघाला. वेशीबाहेर एक पिंपळ होता. पिंपळाखाली टकूबाई नावाची म्हातारी राहायची. लोक म्हणायचे, तिला मंत्र येतात. ती म्हणायची, "मला मेलीला काय येणार? मला गोधडी शिवता येते." खरं काय ते तिचं तिला माहीत.

तिच्यापाशी एक कुत्रा होता. तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला. खूश झाला की जमिनीवर शेपूट आपटायचा, धप् धप् धप्, म्हणून त्याचं नाव ढोलक्या. त्या दिवशी तो उन्हात मस्त पसरला होता. आला राजा. मान वर. पिंपळावरचे पोपट बघत होता. आणि त्याचा पाय पडला तो बरोब्बर ढोलक्याच्या शेपटीवर!

"क्याँऽऽव!"

पोपट उडाले, पिंपळाची पानं पडली, एवढ्याने ओरडला बिचारा. राजा थांबला. थांबला आणि म्हणाला काय? "हं. एवढं शेपूट पसरून कशाला झोपायचं?" आणि लागला चालायला.

टकूबाई गोधडी शिवत होती. तिने सुई थांबवली. रागावली नाही हो, शिव्याशाप काही नाही. एवढंच म्हणाली, "खरं आहे राजा. ज्याला शेपूट नाही, त्याला शेपटीचं काय कळणार?" आणि दातांनी दोरा तोडला. टच्!

राजा घरी आला. अंघोळ झाली, जेवण झालं, दुपारचा जरा आडवा झाला. उठतो तो पाठीखाली काहीतरी मऊ मऊ. त्याला वाटलं, लोड सरकला. म्हणून ओढला. तर ओढल्यावर त्यालाच दुखलं! मग त्याने वळून पाहिलं.

शेपूट!

चांगलं हातभर लांब. झुपकेदार. राजाच्या मिशांच्याच रंगाचं.

हसू नका रे. तुम्हाला फुटलं म्हणजे कळेल.

"अगं सगुणा!" राजा ओरडला. राणी धावत आली. तिने पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"हसतेस काय?"

"छे! मी कुठे हसतेय?" राणी म्हणाली. पण तिचे खांदे गदागदा हलत होते.

मग वैद्यबुवांना बोलावलं. त्यांनी डोळे मिटून राजाची नाडी पाहिली, मग शेपूट हातात धरून पाहिलं. म्हणाले, "महाराज, नाडी उत्तम आहे. शेपटीलाही नाडी आहे. तीही उत्तम आहे." आणि काढा देऊन निघून गेले. त्या काढ्याने राजाची सर्दी गेली. शेपूट होतं तिथेच.

आणि नुसतं असतं तरी चाललं असतं. पण ते हलायचं, बाई! राजा तोंडाने म्हणायचा हं, आणि मागे शेपूट सगळं सांगून टाकायचं. पुरणपोळी पानात पडली की शेपूट डावीउजवीकडे. ढगांचा गडगडाट झाला की शेपूट दोन पायांच्या मध्ये. राणीला पहिल्यांदाच कळलं की आपला नवरा विजांना घाबरतो. म्हणाली, "अहो, सांगायचं नाही का इतकी वर्षं?" राजाने एक मोठा शेला घेतला, शेपूट कमरेभोवती गुंडाळलं, वरून शेला बांधला आणि लोकांत जाणंच बंद केलं.

पण मनात धास्ती. दिवाळीनंतर पलीकडची मंडळी येणार. शेपटीवाल्या बापाच्या मुलीला कोण सून करून घेणार?

मग राजा मेण्यात बसला, मेण्याचे पडदे ओढले आणि गेला पिंपळाखाली. टकूबाई बोचकं बांधत होती. "काय ते लवकर बोल राजा. माझ्या लेकीचं बाळंतपण आलंय, मी चालले तिच्या गावाला."

राजाने शेला सोडून दाखवलं. टकूबाईने हात लावून पाहिला. म्हणाली, "छान आहे की. झुपका चांगला आहे."

"हे काढ!"

"मी कशी काढू? शिवलेलं असतं तर उसवून दिलं असतं. हे तर उगवलंय!" मग तिला त्याच्या तोंडाकडे बघून दया आली. म्हणाली, "एक सांगते. हा माझा ढोलक्या आजपासून तुझा. मला आता या वयात त्याच्या मागे धावणं होत नाही. आणि तुझ्या मुदपाकखान्यात एक मांजर आहे. कुत्रा आणि मांजर ज्या दिवशी आपापल्या मनाने तुझ्या पायाशी एकत्र झोपतील, त्या दिवशी शेपूट गळून पडेल. आपापल्या मनाने हं!"

"माझ्याकडे मांजर आहे?" राजा म्हणाला. त्याला माहीतच नव्हतं. मांजर खाली असतं ना!

टकूबाईने ढोलक्याची जुनी गोधडी राजाच्या हातात दिली, बोचकं डोक्यावर घेतलं आणि गेली.

मुदपाकखान्यात खरंच मांजर होती. काळीपांढरी, एवढीशी, नाव तिचं मिरी. दिसायला मिरीएवढी आणि स्वभावाने मिरीसारखीच. सगळे आचारी तिला वचकून असायचे.

मग राजाने काय केलं? राजाच तो! त्याने हुकूम सोडला. दुपारी पलंगावर आडवा झाला, दोघांना आणवलं आणि बोट दाखवून म्हणाला, "झोपा."

मिरीने त्याच्याकडे पाहिलं. मग एक पाय वर केला आणि अंग चाटायला बसली. राजाच्या तोंडासमोर! मांजराला कसला हुकूम नि कसलं काय.

ढोलक्याला मात्र मिरी दिसली आणि काय आनंद झाला त्याला! शेपूट गरागरा हलवत तो पळत तिच्याकडे गेला, नाक पुढे करून. मिरी फुगली. एकाची दोन मांजरं झाली म्हणा ना. "फिस्स!" करून ढोलक्याच्या नाकावर एक दिली आणि पडद्यावरून सरसर चढत गेली ती थेट छताच्या झुंबरावर. खाली ढोलक्या, "भू! भू! भू!" वर मिरी, "म्याँऽऽव!" पडदा सुटला तो राजाच्या अंगावर. राजा पडद्यात, ढोलक्या पडद्यावर आणि पडद्यातून नुसतं शेपूट बाहेर. राणी आत आली तर तिला कळेना, यातलं कुठलं शेपूट आपलं!

झालं. हुकमाने काही जमलं नाही.

मग राजा म्हणाला, "यांना लाडात ठेवलं पाहिजे." राणी म्हणाली, "मी सांगते ते ऐका, आधी त्यांना काय हवं ते तरी बघा." राजा म्हणाला, "हं." आणि बघितलं काहीच नाही. रेशमी गाद्या केल्या. चांदीच्या वाट्या आणल्या. ढोलक्याला जिलबी आणि बासुंदी. मिरीच्या गळ्यात घुंगरांचा पट्टा.

मिरी एक पाऊल चालली, छुम्! दचकली. दुसरं पाऊल, छुम्! आपल्या मागे कोण लागलंय म्हणून जी पळाली, ती धान्याच्या कणग्यांमागे जाऊन बसली. खायला येईना, प्यायला येईना. शेवटी मंजुळाने पोटावर सरपटत जाऊन तो पट्टा सोडवला.

आणि ढोलक्या? त्याने जिलब्या खाल्ल्या. बासुंदी प्यायली. वाटी चाटून उलटी केली. आणि मग सुरू झालं. रेशमी गादीवर एकदा. गालिच्यावर एकदा. राजाच्या मोजडीत एकदा.

शी म्हणू नका. कुत्र्याला जिलबी दिली तर दुसरं काय होणार?

दुसऱ्या दिवशी ढोलक्या बागेत गेला, थोडं गवत खाल्लं, ओकला आणि आंब्याखाली पडून राहिला. राजा त्याला बघायला गेला. "ढोलक्या!" म्हणाला. ढोलक्याने डोळे उघडले. पण शेपूट हललं नाही. नुसतं पडलेलं, मातीत. राजाने पुन्हा हाक मारली. शेपूट नाहीच हललं.

 तेव्हा राजाला जाणवलं की आपलंही शेपूट तसंच खाली लोंबतंय.

मग तो मातीत बसला. अंगरख्यासकट. म्हणाला, "चूक माझी आहे बाबा." त्याने भाताची पेज करून आणवली, स्वतः गार केली, जरा जरा करून बोटाने ढोलक्याला चाटवली. पाणी पाजलं. मांडीवर त्याचं डोकं घेतलं. कानामागे हात फिरवताना बोटाला काहीतरी लागलं. बघतो तर गोचीड! हे एवढे टम्म! राजा मान खाली घालून एकेक गोचीड काढत बसला. किती वेळ गेला, त्याचं त्याला कळलं नाही. आयुष्यात त्याने एवढा वेळ मान खाली घातली नव्हती, बरं का.

दिवस कलायला आला. राणी दिवा लावायला निघाली, तर बागेतून आवाज. धप् धप्. मग दुसरा आवाज. धप् धप्. तिला वाटलं, दोन ढोलक्या कोण वाजवतंय? जाऊन बघते तर ढोलक्याला बरं वाटलेलं, तो शेपूट आपटतोय. आणि त्याच्या शेजारी राजा, तोही शेपूट आपटतोय.

त्या दिवसापासून राजा आणि ढोलक्या जिवलग झाले. राजा रोज सकाळी त्याला घेऊन रानात जायचा. तो पळेल तेवढं पळू द्यायचा, हुंगेल तेवढं हुंगू द्यायचा. खायला भाकरी, भात, उकडलेलं मटण, वेळच्या वेळी. अंघोळ घालायला राजा आणि पुसायलाही राजाच. त्यासाठी एक जाडाभरडा पंचा वेगळा ठेवला होता. आणि कुत्र्याबरोबर चालायचं म्हणजे खाली बघून चालावं लागतं, नाहीतर पाय कशात पडेल सांगता येत नाही. मग रांगोळ्याही वाचल्या आणि पापडही वाचले.

आता राहिली मिरी.

राजाला वाटलं, कुत्रा जमला, मांजर तर काय, एवढीशी. तो मुदपाकखान्यात गेला. मिरी चुलीपाशी बसली होती. तिला बघून राजाला प्रेम आलं. प्रेम आलं की त्याचं शेपूट जोरजोरात हलायचं, तसं ते हलायला लागलं. "ये मिरू, ये," म्हणत तो पुढे झाला. मिरीचे कान मागे गेले. पाठ वर झाली. "फिस्स!" आणि राजाच्या नाकावर तीन रेघा.

"मी प्रेमाने गेलो होतो!" राजा नाक धरून बाहेर आला.

मंजुळा त्याच्या नाकाला हळद लावत होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही शेपूट हलवत गेलात ना?"

"म्हणजे काय! प्रेमाने जाताना शेपूट हलणारच."

"पण मिरी शेपूट कधी हलवते, ते पाहिलंय का? आचारी मासे देत नाही तेव्हा. चिमणी हातची सुटते तेव्हा. ती रागावली की शेपूट आपटते. तिला वाटलं, तुम्ही भांडायलाच आलात."

राजाने कपाळावर हात मारला. अरेच्चा! कुत्रा खूश झाला की शेपूट हलवतो आणि मांजर चिडलं की हलवतं. बिचारा ढोलक्या पहिल्या दिवशी सांगत होता, "चल खेळू या." आणि मिरीने ऐकलं, "थांब, बघतोच तुला." दोघांचंही चुकलं नव्हतं. मध्ये समजावून सांगणारं कुणी नव्हतं, एवढंच. आणि समजावून सांगायला शेपूट लागतं. ते साऱ्या राज्यात, माणसांमध्ये, एकट्या राजाला होतं!

मग राजा मिरीकडे बघत बसायला लागला. बघता बघता त्याला कळलं, मिरी खुशीत आली की शेपूट काठीसारखं सरळ उभं करते आणि टोक जरासं वाकवते. झालं, राजाने आरशासमोर उभं राहून सराव सुरू केला. शेपूट सरळ वर. टोक वाकडं. पुन्हा. राणी आत आली, तिने पाहिलं, काही न बोलता दार लोटलं आणि बाहेर जाऊन पोटभर हसून घेतलं.

मग एक दिवस राजा मुदपाकखान्यात जमिनीवर बसला. मिरीकडे पाहिलंच नाही. बोलावलंही नाही. शेपूट सरळ वर. ती बघायला लागली तसे त्याने डोळे अगदी सावकाश मिटले आणि सावकाश उघडले. मिरीने विचार केला. मग तिनेही डोळे सावकाश मिटले. हळूच उठली, आली, राजाच्या गुडघ्याचा वास घेतला आणि त्यावर डोकं घासलं. घुर्र घुर्र घुर्र. राजाचं शेपूट हलायला बघत होतं, त्याने ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं!

पुढचं काम सावकाशीचं होतं. ढोलक्याच्या गोधडीचा एक तुकडा राजाने मिरीच्या ताटलीपाशी टाकला. मिरीचं बसायचं पोतं ढोलक्याच्या जागेवर. आधी वासाची ओळख, मग तोंडाची. मग दाराच्या अलीकडे एक जेवला, पलीकडे दुसरी जेवली. मग दार बोटभर उघडलं. मग हातभर. ढोलक्या फार जवळ जायला लागला की राजा त्याला बसवायचा. मिरीचं शेपूट आपटायला लागलं की त्या दिवशीचा कार्यक्रम बंद. आणि मिरीसाठी भिंतीवर उंच एक फळी ठोकली. वरून सगळ्यांकडे बघायला मिळालं की मांजराचा जीव शांत राहतो. हे राजाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

हळूहळू असं झालं, की दुपारी राजा पलंगावर, ढोलक्या पायाशी आणि मिरी फळीवर. भांडण नाही, तंटा नाही. पण एकत्र झोपणं? ते काही होईना. मिरी फळीवरून खाली यायची नाही.

आणि इकडे दिवाळी आली, दिवाळी गेली.

पलीकडची मंडळी आली. हत्ती आले, घोडे आले, मिठाईची ताटं आली. व्याही आले, विहीणबाई आल्या, मुलगा आला. राजाने शेपूट कमरेभोवती दोनदा गुंडाळलं, वर शेला आवळून बांधला आणि बैठकीवर ताठ बसला. मंजुळाने आईचा हात घट्ट धरून ठेवला होता.

पानसुपारी झाली. करंज्या झाल्या. मग विहीणबाईंनी विचारलं, "आमचा मुलगा कसा वाटला महाराजांना?"

राजाला मुलगा फार आवडला होता हो! पण सवय कुठली जायला? आणि त्यातून शेपटीची भीती. तो वर बघत म्हणाला, "हं."

विहीणबाईंचा चेहरा उतरला. व्याह्यांनी करंजी खाली ठेवली. मुलाने मंजुळाकडे पाहिलं, मंजुळाने जमिनीकडे. सगळे गप्प.

पण शेल्याच्या आत शेपटीला कुठे गप्प बसता येतंय? त्याला आनंद झाला होता! ते वळवळलं. सुटलं. शेल्याच्या खालून टोक बाहेर आलं, एवढंसं, झुपकेदार, आणि डावीउजवीकडे हलायला लागलं.

विहीणबाईंना शेल्याखाली काहीतरी हललंसं वाटलं, पण ते शेपूट असेल असं कुणाच्या मनात येणार? ओळखलं फक्त मिरीने. ती खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती. तिचे डोळे हे एवढे मोठे झाले. पोट कट्ट्याला टेकलं. मागचा भाग असा असा हलला. आणि...

टुणकन् उडी! शेपटीवर!

"आई गं!" म्हणून राजा उठला, शेला सुटला आणि शेपूट सगळ्यांसमोर! त्याला लोंबकळलेली मिरी. दंगा ऐकून ढोलक्या आला धावत, त्याला वाटलं खेळ चाललाय, तो भोवती गोल गोल नाचायला लागला. करंज्यांचं ताट उडालं. एक करंजी व्याह्यांच्या मांडीत पडली.

मग सगळं शांत झालं. राजाचं शेपूट पायांत गेलं. त्याने मान खाली घातली. त्याला वाटलं, झालं. माझ्यापायी माझ्या मुलीचं सुख गेलं.

विहीणबाई उठल्या. पुढे आल्या. त्यांनी शेपटीकडे नीट पाहिलं आणि मंजुळाला विचारलं, "हे मघाशी हलत होतं. का गं?"

मंजुळा धीर करून म्हणाली, "बाबांना आनंद झाला की ते हलतं."

"म्हणजे मी मुलाचं विचारलं तेव्हा?"

"तेव्हाच तर सुटलं."

"अगं बाई!" विहीणबाई मटकन खाली बसल्या. "मी इथे जीव मुठीत धरून बसलेय, की यांना माझा मुलगा पसंत नाही! अहो महाराज, शेपटीने सांगता ते जरा तोंडाने सांगितलं असतं तर?"

राजाने मुलाकडे पाहिलं. घसा खाकरला. बोलायची सवय नव्हती ना. मग म्हणाला, "मी गच्चीवरून बघत होतो. तुम्ही नदी ओलांडून आलात. याने आधी घोड्याला पाणी पाजलं, त्याचं खोगीर काढलं, पाठ चोळली. आणि मग स्वतः पाणी प्यायला. मला हा मुलगा फार आवडला. फार म्हणजे फारच."

आणि शेपूट असं हललं, असं हललं, की बैठकीवरच्या उशा खाली पडल्या!

व्याही मांडीतली करंजी खात खात हसायला लागले. मग विहीणबाई हसल्या. मग मुलगा, मग मंजुळा, आणि राणी तर केव्हापासून हसू दाबून बसली होती, तिला आता कोण आवरणार? लग्न ठरलं. तिथल्या तिथे सुपारी फुटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजा पलंगावर आडवा झाला. मनात म्हणाला, राहू दे शेपूट. कुणाचं काही अडत नाही. माशा वारायला बरं पडतं. आणि त्याचा डोळा लागला.

ढोलक्या आला. कुत्री झोपण्याआधी फिरतात तसा स्वतःभोवती फिरला आणि राजाच्या पायाशी मुटकुळं करून पडला. मग फळीवर मिरी उठली. अंगाला लांबच लांब ताण दिला. खाली उडी मारली. ढोलक्याच्या पडलेल्या कानाचा वास घेतला. ढोलक्या हलला नाही, एक डोळा उघडून त्याने पुन्हा मिटला. मिरीने पुढच्या पायांनी पांघरूण मळलं, मळलं, मळलं, आणि ढोलक्याच्या पोटाला पाठ लावून झोपली.

मंजुळाने दारातून पाहिलं. तिने आईला ओढत आणलं. राणी बघते तर पलंगाखाली शेपूट! गळून पडलेलं!

"अहो! अहो, उठा! शेपूट गेलं!"

राजाने डोळे उघडले. पायांना मुंग्या आल्या होत्या. पायाशी पाहिलं, आणि पाय तसूभर हलवला नाही. म्हणाला, "श्शू! गेलं तर गेलं. हळू बोल, दोघं उठतील."

त्या शेपटीचं पुढे काय झालं म्हणता? मिरीने ते पुष्कळ दिवस खेळायला घेतलं. मग ढोलक्याने ते बागेत कुठेतरी पुरलं.

मग लग्नाचा दिवस उजाडला. चौघडे वाजायला लागले. राजासाठी खास जरीचा मंदील आणला होता. म्हणजे मोठं पागोटं, मोत्यांचा तुरा लावलेलं. तो घालायला राजाने पेटी उघडली, तर आत मिरी! आणि मिरीच्या पोटाशी चार पिल्लं. डोळे मिटलेली, उंदराएवढी, चुळूचुळू दूध पिणारी. मिरीने राजाकडे पाहिलं आणि सावकाश डोळे मिटले.

पेटीशेजारी ढोलक्या राखण करत बसला होता. आचाऱ्यालाही आत येऊ देईना.

भटजीबुवा बाहेरून ओरडत होते, "महाराज, मुहूर्त! मंदील घाला आणि चला!"

"मंदील कामात आहे," राजा म्हणाला.

"अहो, पण उघड्या डोक्याने कन्यादान कसं करणार?"

राजाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खुंटीवर ढोलक्याचा अंग पुसायचा पंचा होता. राजाने तो झटकला, डोक्याला गुंडाळला आणि मांडवात गेला. जाता जाता चौघडेवाल्यांना म्हणाला, "अरे, जरा हळू वाजवा. आत बाळंतीण आहे."

मांडवातले लोक एकमेकांकडे बघायला लागले. विहीणबाई जवळ आल्या, त्यांना पंच्याचा वास आला, आणि त्यांनी नाकाला पदर लावला. मग राजाने त्यांना सगळं सांगितलं. पिल्लं किती, कुठली काळी, कुठली पांढरी, कुणाच्या कपाळावर ठिपका आहे. एकदा बोलायला लागला तो थांबेचना! शेवटी मंजुळा म्हणाली, "बाबा, अक्षता टाका आता."

लग्न झालं. सासरी निघताना मंजुळाने बाबांच्या गळ्यात पडून मागितलं एवढंच, "कपाळावर ठिपका असलेलं पिल्लू मला द्या." राजाला रडू येत होतं, तरी तो म्हणाला, "आज नाही. आईचं दूध सुटू दे, खायला लागू दे, मग मीच घेऊन येतो."

आणि खरंच, पिल्लं मोठी झाली तेव्हा राजा टोपली मांडीवर घेऊन नावेतून नदीपलीकडे गेला. शेजारी ढोलक्या, कान वाऱ्यावर सोडून. मंजुळा काठावर उभीच होती. तिथेही सगळे आनंदात राहिले आणि इथेही सगळे आनंदात राहिले. मिरीने मंदील काही परत दिला नाही, आणि कुणी मागितलाही नाही.

झालं, संपली गोष्ट. आता कुणी बोलायचं नाही. पांघरुणं घ्या. आणि पाय हळूच पसरा रे बाळांनो, गोधडीच्या टोकाला आपली मनी येऊन झोपलीय.